तेलाला वारा

ऑस्ट्रेलियातल्या विंटनच्या रेसिंग ट्रॅकवर पाच फेऱ्या मारून गाडी आत घेतली, तेव्हा फोनवरचा आकडा होता 121. गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान. समोरच्या काचेखाली इंजिनाच्या पाण्याचा काटा मात्र मधोमध, अगदी शांत. दिवा नाही, बजर नाही, गाडीची कसलीच कुरकुर नाही. गाडीच्या संगणकाला डोंगल लावून फोनवर आकडे बघायची मला सवय नसती, तर मी पाणी पिऊन पुन्हा ट्रॅकवर गेले असते.

इंजिन चालूच ठेवलं, लिव्हर पार्कमध्ये टाकला आणि खाली उतरले. तापलेली गाडी लगेच बंद करायची नाही, हे माझ्या हाडात भिनलेलं आहे. बॉनेट उघडलं आणि वास आला. टायर-ब्रेकचा वास तर विंटनला सगळीकडेच असतो. हा त्याच्या खालून येत होता. किंचित गोडसर, किंचित करपट, कढईत तेल ठेवून विसरून गेल्यासारखा. मी तिथेच बसून राहिले. आकडा 116 झाला, 110 झाला, हळूहळू शंभराच्या खाली आला. त्या दिवशी पुन्हा ट्रॅकवर गेले नाही.

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. अलिबाग डेपो. अलिबाग–पुणे गाडीवर त्यांची कितीतरी वर्षं गेली. तेव्हाच्या गाड्यांचं इंजिन पुढे, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला केबिनमध्येच असायचं. त्याच्या झाकणावर रेग्झिन नाहीतर गोणपाट. सुट्टीत मी बाबांबरोबर गेले की वाहककाका मला त्या झाकणाशेजारच्या बाकड्यावर बसवत. खोपोली सोडून बोरघाट लागला की झाकण तापायचं, बाकडं तापायचं, पायाचे तळवे तापायचे. बाबा खालच्या गिअरमध्ये गाडी चढवायचे आणि मधेच मान किंचित वळवून नाकानं हवा ओढायचे. मला वाटायचं त्यांना सर्दी आहे. फार उशिरा कळलं की बाबा गाडीचा वास घेत होते. क्लच, ब्रेक, तेल, पाणी, प्रत्येकाचा वास वेगळा. काटा सांगेल तेव्हा उशीर झालेला असतो, नाक आधी सांगतं, असं ते म्हणत.

विंटनच्या त्या दुपारी मी नाकानं हवा ओढली आणि मला ते बाकडं आठवलं.

गाडीविषयी सांगायला हवं. माझी गाडी 2010 सालची फोर्ड फाल्कन, एफजी मालिकेतली एक्सआर6 टर्बो. चार लिटरचं, सहा सिलिंडर एका ओळीत असलेलं टर्बो इंजिन, 270 किलोवॅट ताकद आणि 533 न्यूटन-मीटर टॉर्क. टॉर्कचा हा आकडा दोन हजार आरपीएमलाच हातात येतो. ऑस्ट्रेलियाबाहेर ही गाडी फारशी कुणाला ठाऊक नाही, पण इथे ती घरातली आहे. पहिली फाल्कन इथे 1960 साली बनली आणि शेवटची 7 ऑक्टोबर 2016 रोजी मेलबर्नच्या उत्तरेकडच्या ब्रॉडमेडोज कारखान्यातून बाहेर पडली. तो कारखाना माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर. इंजिनं मात्र जिलॉंगला ओतली आणि जुळवली जात. गाडी परदेशी नावाची असली तरी हिची माती इथलीच.

आणि त्या इंजिनाचं नाव! इथले लोक त्याला ‘बॅरा’ म्हणतात. बॅरा म्हणजे बॅरामुंडी, इंजिन तयार होत असताना त्याला दिलेलं गुपित नाव. बॅरामुंडी हा इथला लाडका मासा. गाडी घेतली त्याच आठवड्यात मी मासळीच्या दुकानात पहिल्यांदा नीट निरखून बॅरामुंडी बघितला आणि जागच्या जागी थांबले. हा तर जिताडा! आमच्या खारेपाटातला जिताडा. अलिबाग-पेणच्या तळ्यांत राखून, वाढवून, पाहुण्यांसाठी काढायचा तो जिताडा. खाऱ्या पाण्यातही जगतो, गोड्यातही जगतो, आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. मासा एकच, दोन किनाऱ्यांवर दोन नावं. फोनवर बाबांना सांगितलं तेव्हा ते कितीतरी वेळ हसत होते. तेव्हापासून आमच्यात गाडीचं नाव जिताडा. ‘जिताडा कसा आहे?’ हा त्यांचा पहिला प्रश्न, माझी तब्येत त्यानंतर.

विंटनहून परतल्यावर मी बाबांना आकडा सांगितला. ते म्हणाले, “बयो, ऑटोमॅटिकला क्लच नाही म्हणतेस, मग तापतंय काय?”

प्रश्न अगदी नेमका होता. क्लचचं पेडल नाही म्हणजे क्लच नाही, असं नसतं. माझ्या गाडीतला गिअरबॉक्स झेडएफ या जर्मन कंपनीचा, सहा गिअरचा, 6एचपी26. ही कंपनी 1915 साली झेपेलिन हवाई जहाजांचे गिअर बनवण्यासाठी सुरू झाली. सहा गिअरचा हा ऑटोमॅटिक 2001 साली पहिल्यांदा बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये आला. त्याच्या पोटात तीन क्लच आणि दोन ब्रेक आहेत. या पाचांपैकी कुठले दोन आवळायचे यावर गिअर ठरतो. एक सोडायचा आणि त्याच क्षणी दुसरा धरायचा. हे काम तेलाच्या दाबानं होतं आणि कुणाला कधी दाबायचं ते ठरवणारा मेंदूही त्याच तेलात बुडून बसलेला असतो. म्हणजे तेल तिथे वंगण आहे, हात आहे, वाहक आहे आणि आंघोळीचं पाणीही आहे. सगळं एकच तेल.

त्याच्याही आधी, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे, टॉर्क कन्व्हर्टर बसतो. लहानपणी पाण्याच्या पिंपात हात घालून गोल गोल ढवळलंय? थोड्या वेळानं तळाशी पडलेला तांब्याही फिरायला लागतो. आपण तांब्याला हात लावलेला नसतो, पाण्यानंच त्याला ओढलेलं असतं. कन्व्हर्टरमध्ये इंजिन असंच तेल ढवळतं, ते तेल समोरच्या पात्यांवर आदळतं आणि पाती फिरू लागतात. मधे आणखी एक पात्यांचं चाक असतं. ते परत येणाऱ्या तेलाला वळवून पुन्हा कामाला लावतं, म्हणून गाडी उभ्यावरून उठताना अशी ताकदीनं उठते. फक्त तांब्या हाताएवढ्या वेगानं कधीच फिरत नाही. हात आणि तांब्या यांच्यातलं ते मागेपुढे म्हणजे तेलाची घुसळण, आणि घुसळण म्हणजे उष्णता. रस्त्यावर गाडी एका लयीत चालू लागली की आतला एक क्लच दोन्ही बाजू जोडून टाकतो आणि घुसळण थांबते. ट्रॅकवर मात्र ब्रेक, वळण, पुन्हा पूर्ण एक्सलरेटर, गिअर वर, गिअर खाली. विंटन म्हणजे तीन किलोमीटरात बारा वळणं. तिथे तेलाला दम घ्यायला सरळ रस्ताच मिळत नाही.

बाबांना मी म्हटलं, “तुम्ही घाटात क्लच अर्धा दाबून गाडी धरून ठेवली असती, तर काय झालं असतं?”

“जळला असता.”

“इथे तोच अर्धा क्लच तेलाचा आहे. तो जळत नाही, तापतो.”

बाबा गप्प झाले. मग म्हणाले, “म्हणजे तेल जळतं.”

हिशोब साधा आहे. इंजिन पूर्ण जोरात 270 किलोवॅट देत असेल आणि त्यातले दहा टक्के जरी वाटेत घुसळणीत गेले, तर सत्तावीस किलोवॅट झाले. चहाची विजेची किटली साधारण सव्वादोन किलोवॅटची. म्हणजे त्या घडीला गिअरबॉक्सच्या तेलात बारा किटल्या एकदम लावल्यासारखं. हे काही सेकंदांपुरतं असतं हे खरं, पण ट्रॅकवर असे सेकंद एकामागून एक येत राहतात. तेलाचा ढोबळ नियम असा की ऐंशी-नव्वदच्या पुढे दर दहा अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. 115 च्या आसपास तेलाचं वार्निश व्हायला लागतं, झडपांवर तपकिरी साय धरते. आणखी वर गेलं की रबरी सीलं कडक होतात. हे सगळं गुपचूप होतं. गिअरबॉक्स एकदम मोडत नाही. दोन वर्षांनी एखाद्या सकाळी दुसरा-तिसरा गिअर पडताना हिसका बसतो आणि तो हिसका कुठल्या दुपारचा, हे कुणालाच आठवत नाही.

‘हे तेल जन्मभराचं आहे, बदलावं लागत नाही’ असं मला पूर्वी एका वर्कशॉपमध्ये सांगितलं होतं आणि मी ते ऐकलंही होतं. त्याचा मला आजही राग आहे. खुद्द गिअरबॉक्स बनवणारे ऐंशी हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या मधे तेल बदला म्हणतात, आणि ते ज्याला कष्टाचं चालवणं म्हणतात त्यात त्याहूनही लवकर. जन्मभराचं म्हणजे कुणाच्या जन्माचं, हे आधी विचारायला हवं होतं.

तर ठरलं, तेल बदलायचं आणि कूलर बसवायचा. पण कसा, यावर आमच्याकडे दोन आठवडे वाद झाला. आमच्याकडे म्हणजे मी आणि अमजा. अमजा म्हणजे तुर्कीत काका. आमचे शेजारी, तरुणपणी तुर्कस्तानातून आले, ब्रॉडमेडोजच्या कारखान्यात फाल्कनच्या असेंब्ली लाइनवर तीस वर्षं उभे राहिले आणि निवृत्त झाले. माझ्या गाडीवर त्यांचा माझ्याइतकाच हक्क आहे आणि तो ते बजावतात.

गाडीला कंपनीनंच दिलेला एक कूलर असतो. त्यात तेल आणि इंजिनाचं पाणी पातळ पत्र्याच्या दोन बाजूंनी वाहतात आणि उष्णतेची देवाणघेवाण करतात. याचा मोठा गुण असा की थंडीच्या सकाळी पाणी लवकर तापतं आणि तेलालाही ऊब देतं. मर्यादाही त्यातच आहे. इंजिनाचं पाणीच नव्वदच्या घरात असतं, त्याच्याहून गार तो तेलाला करणार कसा? आणि कुठल्याही गाडीत असा कूलर जुना होऊन आतून झिरपला, तर तेलात पाणी आणि पाण्यात तेल. लाल तेलाचं मग गुलाबी दूध होतं. क्लचच्या चकत्यांवर कागदासारखं अस्तर डिंकानं चिकटवलेलं असतं. पाणी आणि कूलंट त्याला सोडत नाही.

अमजांचं म्हणणं, जुना कूलर ठेव आणि त्याच्यापुढे हवेचा जोड. आधी पाणी, मग वारा. नव्या गाडीला मीही तेच केलं असतं. पण माझी गाडी चौदा वर्षांची. आत कुठला सांधा किती झिजलाय ते बाहेरून दिसत नाही. मी म्हटलं, तेल आणि पाणी एका घरात ठेवायचंच नाही. तेल सरळ हवेच्या कूलरला.

“आणि जुलैतल्या सकाळी?” अमजांनी विचारलं. जुलै म्हणजे इथला ऐन हिवाळा. “तीन डिग्रीत?”

इथे मी खरोखर अडले. तोवर मी फक्त गार करण्याचाच विचार करत होते. जितका मोठा कूलर तितकं चांगलं, असं धरून चालले होते. पण गार तेल घट्ट असतं. गिअर जड पडतात, तो जोडणारा क्लच तेल तापेपर्यंत लागत नाही, म्हणजे घुसळण आणखी लांबते. फोडणीचं तेल तापलं नाही तर मोहरी तडतडत नाही आणि धुरावलं तर फोडणी कडू होते. दोन्हींमधली ती जागा आई कढईवर हात धरून ओळखते. गिअरबॉक्सलाही ती जागा हवी असते, ऐंशी ते पंचाण्णवच्या मधली. मला तेल गार करायचं नव्हतं, त्याच जागी धरून ठेवायचं होतं. हे समजल्यावर बाकीचे निर्णय आपोआप लागले. कूलर बेताचा, वहीच्या दोन पानांएवढा, चपट्या पट्ट्या एकावर एक रचलेला. आणि वाटेत थर्मोस्टॅट. तेल ऐंशीच्या खाली असेल तोवर ते थर्मोस्टॅटमधूनच मागे फिरेल, ऐंशीच्या वर गेलं की कूलरची वाट उघडेल. अमजांनी थर्मोस्टॅट हातात घेऊन उलटापालटा केला, गरम पाण्याच्या पातेल्यात घालून त्याची आतली पिन हलताना स्वतः बघितली, मगच मान डोलावली.

मे महिन्यातल्या एका शनिवारी काम काढलं. गाडी चारही बाजूंनी स्टँडवर घेतली, सपाट. पुढचा बंपर उतरवला आणि गाडीचं तोंड उघडं पडलं. खाली टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर, मागे एसीचा कंडेन्सर, त्याच्यामागे रेडिएटर. जागा म्हणावी तर इंटरकूलरच्या वर, कंडेन्सरच्या पुढे, हाताच्या दोन वितीएवढी. तिथे उभं राहून एक गोष्ट प्रकर्षानं जाणवली. कूलर उष्णता नाहीशी करत नाही, फक्त दुसऱ्याकडे देतो. मी पुढे जो कूलर लावणार त्याची गरम हवा मागच्या कंडेन्सरला, त्याची रेडिएटरला. म्हणूनही बेताचाच हवा होता.

प्लॅस्टिकच्या लांब पिना कूलरच्या जाळीतून आरपार घालून तो सरळ रेडिएटरला बांधायची एक झटपट पद्धत आहे. ती मला अजिबात पसंत नाही. गाडी हादरते, पिना घासतात आणि एक दिवस जाळीला भोक पडतं. आम्ही ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापल्या, कानस मारून कडा गोल केल्या आणि मधे रबराचे वायसर घालून कूलर बॉडीला टांगला, कंडेन्सरपासून बोटभर अंतरावर. त्याची तोंडं वरच्या बाजूला ठेवली, म्हणजे आत अडकलेली हवा वर येऊन निघून जाते.

मग चेंबर. या गिअरबॉक्सचं तेलाचं चेंबर प्लॅस्टिकचं असतं आणि फिल्टर त्यातच जोडलेला, त्यामुळे सगळं एकत्र बदलायचं. बोल्ट सैल केला आणि तेल घमेल्यात पडू लागलं. काळपट तपकिरी. मी बोट बुडवून वास घेतला. विंटनचा तोच वास, फक्त गार झालेला. चेंबरच्या तळाशी चुंबकं असतात. त्यांच्यावर करड्या रंगाचा मऊ लेप साचला होता, दंतमंजन ओलं केल्यासारखा. अमजांनी तो अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळला, डोळे मिटून, कितीतरी वेळ. मी श्वास धरून होते. त्यात कण लागला असता, चमचमणारा तुकडा लागला असता, तर आतलं काहीतरी तुटलेलं होतं.

“मैदा,” ते म्हणाले. “नुसता मैदा. चांगलं आहे.”

म्हणजे झिजला होता, मोडला नव्हता. मला त्या क्षणी खरंच रडू आलं. गाडीसाठी रडू येतं का, असं कुणी विचारलं तर येतं. जी वस्तू आपण जिवापाड वापरतो तिला आपण दुखावलं की काय, या भीतीतून सुटल्यावर येतं.

नळ्यांचं काम सगळ्यात निगुतीचं. पेट्रोलचा होज पाइप दिसायला तसाच असतो, पण गरम तेलात तो टिकत नाही. गिअरबॉक्सच्या तेलासाठीचाच घ्यावा लागतो. वळणं मोठी ठेवली, कुठे पत्र्याची कड लागत होती तिथे रबराची चीर कापून चढवली. एक्झॉस्ट आणि टर्बोपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब. गिअरबॉक्सचं अंग ॲल्युमिनियमचं, त्यामुळे जोडणीचे आटे आधी हातानंच बसवायचे. हातानं दोन वेढे सहज गेले नाहीत तर पान्हा लावायचाच नाही. आटे एकदा गेले की सगळं गेलं. नवी ओ-रिंग, तिला नव्या तेलाचं बोट. जुन्या कूलरच्या पाण्याच्या दोन नळ्या एकमेकींना जोडून टाकल्या. चेंबरचे बोल्ट आडवेतिडवे, टॉर्क पान्ह्यानं, दहा न्यूटन-मीटर. दहा म्हणजे मनगटाचा जोरही नाही, बोटांचाच. प्लॅस्टिक आहे, जास्त आवळलं तर वाकतं आणि वाकलं की गळतं.

तेल भरायची या गिअरबॉक्सची रीत मला फार आवडते. डिपस्टिक नाही. बाजूला एक बोल्ट आहे, तो काढायचा, तिथून पंपानं तेल भरायचं, बाहेर ओघळेपर्यंत. मग इंजिन चालू करायचं आणि पुन्हा भरायचं, कारण कन्व्हर्टर आणि नळ्या आता पितात. ब्रेकवर पाय ठेवून रिव्हर्स, ड्राइव्ह, प्रत्येक ठिकाणी काही सेकंद थांबायचं, म्हणजे तेल सगळ्या क्लचपर्यंत पोचतं. आणि खरी पातळी बघायची ती तेल तीस ते पन्नास अंशांच्या मधे असताना, इंजिन चालू ठेवूनच. त्या उबेला भोकातून तेलाची बारीक धार लागली की पुरे. गार तेल आकसलेलं असतं, गरम तेल फुगलेलं, दोघंही आपली खरी पातळी सांगत नाहीत.

थर्मोस्टॅटमुळे एक पेच होता. तेल पन्नासवर असताना कूलरची वाट बंदच, मग कूलर भरणार कसा? कूलरमध्ये आणि नळ्यांत मी आधीच हातानं तेल ओतून ठेवलं होतं. मी वर स्टिअरिंगवर, फोनवर आकडा वाचत होते. अमजा गाडीखाली, टॉर्च तोंडात धरून. “छत्तीस... अडतीस... चाळीस.” खालून फक्त एक हात बाहेर आला, अंगठा वर.

रात्री अमजांनी गाडीखाली पुठ्ठे अंथरले. नवे, कोरे. सकाळी सहाला मी टॉर्च घेऊन गेले तर पुढच्या पुठ्ठ्यावर रुपयाएवढा एक डाग. क्लॅम्प नळीवरच्या उंचवट्याच्या आत बसायला हवा होता, मी तो नेमका उंचवट्यावरच आवळला होता. माझीच चूक. क्लॅम्प सोडला, अर्धा इंच मागे घेतला, पुन्हा आवळला. अमजांनी पुठ्ठा बदलला आणि तारीख घातली. पुढचे चार पुठ्ठे कोरे निघाले. ते चारही त्यांच्या गॅरेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेले आहेत, अजून.

हिवाळा मी मन लावून आकडे लिहून काढले. तीन अंशांच्या सकाळी क्रेगीबर्नहून निघाले तर तेल ऐंशीला पोचायला पूर्वीपेक्षा चार-पाच मिनिटं जास्त लागतात. पाण्याची ऊब गेली, त्याची ही किंमत. ती चार-पाच मिनिटं मी गाडीला जोर देत नाही, बस्स. माउंट मॅसेडन डोंगराचा चढ चढून वर स्मारकाच्या क्रॉसपर्यंत गेले, आकडा 84 ते 87. वर थांबून पुढच्या जाळीपाशी हात धरला. डाव्या कोपऱ्यातून सुकी, गरम हवा हाताला लागली आणि तिच्या बाजूलाच डोंगरावरची झोंबरी थंडी. थर्मोस्टॅट उघडला होता.

विंटनला पुन्हा जायला नोव्हेंबर उजाडला. दिवस तापलेला, हवा चौतीस अंश. तशाच पाच फेऱ्या मारल्या, उलट मार्चमधल्या त्या दिवसापेक्षा वेगात, कारण मन मोकळं होतं. सहावी फेरी सावकाश फिरवली. पिट लेनमध्ये शिरले, पार्कमध्ये टाकली, इंजिन चालू ठेवलं. 97.

इकडे दुपारचे बारा झाले होते, अलिबागला सकाळचे साडेसहा वाजलेले. बाबा उठून ओटीवर चहा घेऊन बसलेले असतात. व्हिडिओ कॉल लावला. मागे नारळीत कावळे ओरडत होते, त्यांच्या हातात बशी होती.

“किती?” त्यांनी विचारलं.

“सत्त्याण्णव.”

त्यांनी आकड्यावर काहीच म्हटलं नाही. बशी खाली ठेवली आणि फोन चेहऱ्याजवळ घेतला.

“वास कसा आहे?”

मी बॉनेट उघडलं, फोन बाजूला धरला, वाकले आणि नाकानं हवा ओढली. टायर, तापलेलं डांबर, शेजारच्या गाडीचं पेट्रोल.

“काहीच नाही, बाबा.”

“पुन्हा बघ,” ते म्हणाले. “नीट बघ.”

मी पुन्हा वाकले.